मालकी, ताबा आणि वहिवाट : थिंकपॅड संगणकाच्या गुणदोषचर्चेचा इतिहास

वस्तूचे गुणदोष तिच्या मालकाने ठरवावेत, असा सर्वसामान्य समज आहे. बैलजोडी, शिवणयंत्र किंवा सायकल यांच्या बाबतीत तो बहुधा खरा ठरतो. कारण ज्याने पैसे मोजले तोच ती वस्तू वापरतो आणि ती नादुरुस्त झाल्यास खर्चही तोच सोसतो. कार्यालयीन कामासाठी घडविलेल्या लॅपटॉप संगणकाची स्थिती मात्र याहून निराळी आहे. तो विकत घेते संस्था, वापरतो तिचा नोकर, आणि साधारणतः तीन ते पाच वर्षांनी संस्थेने तो काढून टाकला म्हणजे जुन्या बाजारातून तो घेतो एखादा विद्यार्थी अथवा छोटा व्यावसायिक. या तिघांची मते परस्परांशी जुळत नाहीत, आणि पुष्कळदा एकाचा गुण तोच दुसऱ्याचा दोष ठरतो.

हा मतभेद समजून घेण्यास मराठीच्या महसुली परिभाषेतील मालकी, ताबा आणि वहिवाट हे तीन शब्द उपयोगी पडतात. व्यवहारात ते अनेकदा एकमेकांच्या जागी येतात; येथे त्यांचे अर्थ मर्यादित करून घेतले आहेत. मालकी म्हणजे कागदोपत्री स्वामित्व. ताबा म्हणजे वस्तूत काय बदलावे, काय बदलू नये, ती कोणासाठी उघडावी, हे ठरविण्याची प्रत्यक्ष सत्ता. वहिवाट म्हणजे नित्याचा वापर व त्यातून हाताला जडलेली सवय. हे तीन अधिकार एका हाती असतील तोवर गुणदोषांविषयी फारसा वाद होत नाही. ते विभागले गेले की वाद सुरू होतो. १९९२ पासून आजतागायत चालू असलेल्या ‘थिंकपॅड’ या संगणकमालिकेचा इतिहास हा अशा विभागणीचा इतिहास आहे.

१. पूर्वपीठिका

ही विभागणी लॅपटॉपच्याही आधीची आहे. थिंकपॅडची जन्मदात्री आय.बी.एम. कंपनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपली गणनयंत्रे विकत नसे. ती भाड्याने देई. ग्राहकाकडे वहिवाट असे, मालकी व ताबा कंपनीकडे राही. जानेवारी १९५६ मध्ये अमेरिकी सरकारने लावलेल्या खटल्यात जो संमतिपूर्वक हुकूमनामा झाला त्यान्वये कंपनीस यंत्रे भाड्याप्रमाणेच विक्रीसही ठेवणे, आणि यंत्रे विकत घेणाऱ्यांना व स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांना सुटे भाग पुरविणे भाग पडले. सुट्या भागांवाचून मालकी अपुरी असते, हे तत्त्व या हुकूमनाम्याने एका परीने मान्य केले.

भारतातही याच प्रश्नाची एक बाजू अनुभवास आली. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यातील भागभांडवलाच्या अटी मान्य नसल्याने आय.बी.एम. १९७८ मध्ये देशाबाहेर पडली. तिची यंत्रे येथेच राहिली, पण ती चालू कोणी ठेवायची हा प्रश्न उभा राहिला. कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीने ते काम अंगावर घेतले. ‘मेंटेनन्स’, म्हणजे देखभाल, हा शब्द एका राष्ट्रीय संस्थेच्या नावातच यावा, हे त्या काळाच्या गरजेचे बोलके द्योतक होय.

२. सुवाह्य संगणकापासून थिंकपॅडपर्यंत

बरोबर नेता येण्याजोगा व्यावसायिक संगणक प्रथम १९८१ मध्ये बाजारात यशस्वी झाला तो ‘ऑस्बर्न १’ या नावाने. त्याचा कर्ता अॅडम ऑस्बर्न याचे बालपण तमिळनाडूत गेले होते. यंत्राचे वजन सुमारे ११ किलो, पडदा अवघा ५ इंची आणि किंमत १,७९५ डॉलर. ते मांडीवर ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. पुढल्याच वर्षी आलेल्या ‘ग्रिड कंपास’ने झाकणासारखा उघडणारा पडदा आणि मॅग्नेशियम मिश्रधातूचे कवच ही दोन वैशिष्ट्ये रूढ केली. बिल मॉग्रिज याने आखलेल्या या यंत्राची किंमत आठ हजार डॉलरच्या वर असल्याने त्याचे ग्राहक मुख्यतः सरकारी व लष्करी खाती हेच राहिले. सुवाह्यतेसाठी काय काय सोडावे लागते, हा हिशेब या दोन यंत्रांपासून सुरू झाला. पहिल्यात पडद्याचा बळी गेला, दुसऱ्यात द्रव्याचा.

ऑक्टोबर १९९२ मध्ये आय.बी.एम.ने ‘थिंकपॅड ७०० सी’ बाजारात आणला. १०.४ इंची रंगीत पडदा हे त्याचे तत्कालीन मोठे आकर्षण होते. किंमत ४,३५० डॉलर होती. जर्मन अभिकल्पक रिचर्ड झापर याने त्याला जपानी बेंतो डब्याचे रूप दिले. बाहेरून साधा काळा चौकोन, आणि उघडल्यावर आत नीट मांडलेली रचना. अभियांत्रिकीचे काम जपानमधील यामातो येथील प्रयोगशाळेत आरिमासा नाइतो यांच्या नेतृत्वाखाली झाले. नावाचीही कथा लक्षणीय आहे. कंपनीत ‘थिंक’, म्हणजे ‘विचार कर’, हे टॉमस वॉटसनच्या काळापासूनचे बोधवाक्य होते व ते छापलेल्या छोट्या वह्या नोकरांना मिळत. त्या वहीवरून हे नाव सुचले. तोवर कंपनीची यंत्रे आकड्यांनी ओळखली जात, म्हणून नामकरण समितीचा या शब्दास विरोध होता. तो विरोध टिकला असता तर या यंत्राभोवती जो आपलेपणा पुढे जमला तो एखाद्या क्रमांकाभोवती जमला असता की नाही, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.

कळफलकाच्या मध्यभागी, जी, एच आणि बी या कळांच्या बेचक्यात बसविलेली तांबडी गुंडी ही या मालिकेची खूण ठरली. टेड सेल्कर या संशोधकाचे लक्ष एका निरीक्षणाने वेधले होते : टंकलेखन करणाऱ्याचा हात कळफलकावरून माऊसकडे जाण्यास सुमारे पाऊण सेकंद लागतो आणि परत येण्यासही जवळपास तितकाच वेळ जातो. हात न हलविता पडद्यावरील बाण हलावा, या हेतूने ही गुंडी सिद्ध झाली. येथे वहिवाटीला अभियांत्रिकीने दिलेला मान स्पष्ट दिसतो. यंत्राची रचना हाताच्या सवयीपासून सुरू झाली.

१९९५ चा ‘७०१ सी’ हे त्या वृत्तीचे टोक होते. यंत्र पडद्याच्या मापाने लहान, तर कळफलक हाताच्या मापाने मोठा हवा. जॉन कॅरिडिस याने कळफलकाचे दोन तुकडे केले, ते झाकण उघडताच बाहेर सरकून एकमेकांत बसत. फुलपाखराच्या पंखांवरून ओळखली जाणारी ही योजना इतकी नामी ठरली की ते यंत्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात गेले. परंतु पडदे मोठे होताच तिची गरज उरली नाही व थोड्याच काळात तिचे उत्पादन थांबले. उत्तम उत्तरही प्रश्न बदलल्यावर निरुपयोगी होते, एवढाच त्याचा बोध.

३. मालकीचे हस्तांतर

डिसेंबर २००४ मध्ये जाहीर झालेला आणि १ मे २००५ रोजी पूर्ण झालेला व्यवहार या इतिहासातील मोठा सांधा आहे. आय.बी.एम.ने आपला वैयक्तिक संगणकांचा सर्व व्यवसाय लेनोव्हो या चिनी कंपनीस विकला. अंगावर घेतलेल्या देण्यांसह व्यवहाराची रक्कम सुमारे १.७५ अब्ज डॉलर होती. यामातोची प्रयोगशाळा व अभियंते नव्या कंपनीकडे गेले. कळफलक व गुंडी तीच राहिली. तथापि मालकांच्या गुणदोषचर्चेत एक नवे कलम दाखल झाले, ते विश्वासाचे. २००६ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने सुमारे १६,००० लेनोव्हो संगणक घेतले. काँग्रेसमधून आक्षेप येताच ते गोपनीय कामाच्या जाळ्यावर वापरले जाणार नाहीत असे खात्यास जाहीर करावे लागले.

विश्वासाचा प्रश्न २०१५ मध्ये वेगळ्या वाटेने पुन्हा आला. लेनोव्होने काही यंत्रांवर ‘सुपरफिश’ ही जाहिराती दाखविणारी आज्ञावली आधीच घालून दिली होती व तीमुळे सुरक्षित संपर्कालाच छिद्र पडत होते. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०१७ मध्ये या प्रकरणी कंपनीशी समझोता केला. ही आज्ञावली घरगुती ग्राहकांच्या यंत्रांवर होती, थिंकपॅडवर नव्हती. यावरून ‘व्यावसायिक’ या विशेषणाचा अर्थ उलगडतो. कवच भक्कम असणे ही त्याची एक बाजू. ग्राहक संघटित आणि हिशेबी असल्यामुळे विक्रेत्याने त्याच्याशी जपून वागणे, ही दुसरी व अधिक महत्त्वाची बाजू.

४. वहिवाटदारांची तक्रार

२०१० नंतरच्या दशकात तक्रारीचा सूर प्रथम पडद्याविषयी उमटला. दूरचित्रवाणीच्या रुंद पडद्यांचे प्रमाण लॅपटॉपमध्येही शिरले. २०१० च्या टी ४१० या यंत्राच्या साध्या पडद्यावर उभ्या दिशेने ८०० बिंदू होते. २०११ च्या टी ४२० वर ७६८ उरले. चित्रपट पाहणाऱ्यास त्याचे सुखदुःख नव्हते. दस्तऐवज वाचणाऱ्याच्या मात्र ओळी कमी झाल्या. खरेदीपत्रकात इंच मोजले जातात, ओळी मोजल्या जात नाहीत. म्हणून ही हानी विकत घेणाऱ्याच्या दृष्टीस पडली नाही. उंच पडद्याचे जुने प्रमाण टी मालिकेत परत येण्यास २०२२ साल उजाडले.

त्यानंतर कळफलकाची पाळी आली. २०११ पर्यंत मुख्य थिंकपॅडवर सात ओळींचा कळफलक असे. २०१२ च्या टी ४३० व एक्स २३० पासून सहा ओळींचा, सुट्या चपट्या कळांचा कळफलक आला आणि पृष्ठे पुढेमागे करण्याच्या कळांसह अनेक कळांची स्थाने बदलली. २०१३ च्या टी ४४० मध्ये तांबड्या गुंडीच्या जोडीची तीन स्वतंत्र बटणे काढून ती खालच्या टचपॅडमध्ये विलीन केली गेली. गुंडी राहिली, पण बोटांना चाचपून सापडणारी तिची बटणे गेली. २०१४ च्या ‘एक्स १ कार्बन’मध्ये तर वरची कळांची ओळच जाऊन तेथे स्पर्शाने चालणारी पट्टी आली आणि कॅप्स लॉकच्या जागी होम व एंड या कळा बसल्या.

या बदलांचे समर्थन करता येत नाही असे नाही. नव्या कळा टंकलेखनास वाईट नव्हत्या. मोठा टचपॅड ज्यांना गुंडीची सवयच नव्हती अशा बहुसंख्य नोकरांच्या सोयीचा होता. आणि यंत्र पातळ व हलके व्हावे ही मागणीही खरी होती. परंतु सवय ही भाषेसारखी असते. शब्दाचे स्थान बदलले तर वाक्य अशुद्ध होतेच असे नाही, पण बोलणारा प्रत्येक वेळी अडखळतो. डोळे न लावता लिहिणाऱ्यास कळेचे स्थान हेच तिचे नाव असते.

अडखळलेल्यांनी दोन मार्गांनी प्रतिकार केला. पहिला मार्ग कारागिरीचा. एक्स २२० व टी ४२० यांचा जुना कळफलक थोड्या खाचा घासून नव्या एक्स २३० व टी ४३० यांत बसविता येतो, आणि सर्व कळा यथास्थित चालाव्यात म्हणून यंत्रातील नियंत्रकाची आज्ञावली बदलावी लागते, हे हौशी लोकांनी शोधून काढले. दुसरा मार्ग लोकमताचा. २०१५ च्या टी ४५० मध्ये गुंडीची तिन्ही बटणे परत आली व त्याच वर्षीच्या ‘एक्स १ कार्बन’मधून स्पर्शपट्टी गेली. त्याच वर्षी कंपनीचे अभिकल्पप्रमुख डेव्हिड हिल यांनी जुन्या धर्तीचा थिंकपॅड काढण्याची कल्पना मांडून वापरणाऱ्यांची मते मागविली. त्यांतून ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘थिंकपॅड २५’ हा सात ओळींच्या कळफलकाचा मर्यादित उत्पादनाचा स्मारक-संगणक निघाला. वहिवाटीस येथे मान्यता मिळाली, पण ती वर्धापनदिनाच्या भेटीसारखी. हक्क म्हणून नव्हे.

५. दुसरा मालक

तिसरा पक्ष जुन्या यंत्राच्या ग्राहकाचा. मुंबईत डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, म्हणजे जुना लॅमिंग्टन रोड, किंवा दिल्लीत नेहरू प्लेस येथे कार्यालयांतून बाहेर पडलेले लॅपटॉप विकले जातात. नव्या घरगुती लॅपटॉपच्या किमतीहून कमी पैशांत भक्कम बिजागरीचे, पाणी सांडल्यास वाट काढून देणाऱ्या कळफलकाचे यंत्र तेथे मिळते. थिंकपॅडची दुरुस्तीपुस्तिका कंपनीने पूर्वापार सर्वांस खुली ठेवली असून तीत प्रत्येक स्क्रूची जागा व लांबी दिलेली असते. हा फार मोठा गुण मानावा लागतो. या ग्राहकास कागदोपत्री मालकी मिळते आणि वहिवाटही मिळते. ताबा मात्र पुरता मिळत नाही.

याची तीन उदाहरणे देण्यासारखी आहेत. पहिले, यंत्राच्या मूळ आज्ञावलीचा पर्यवेक्षक-परवलीचा शब्द. तो विसरल्यास मुख्य पाटीच बदलावी, असे खुद्द दुरुस्तीपुस्तिका सांगते. पहिल्या मालकाच्या दृष्टीने हा चोरीविरुद्धचा उत्तम बंदोबस्त होय; संस्थेने तो शब्द न काढताच यंत्र विकले असेल तर दुसऱ्या मालकास त्याच कुलपाची किल्ली मिळत नाही. दुसरे, एक्स २२० च्या पिढीत आणि तिच्या मागेपुढे, कंपनीच्या यादीत नसलेले बिनतारी संपर्काचे कार्ड बसविल्यास यंत्र सुरू होण्यासच नकार देई. तिसरे, २०१२ च्या पिढीपासून यंत्र बॅटरीची ओळख तपासू लागले व परक्या बनावटीची बॅटरी भारित करीनासे झाले. निकृष्ट बॅटरीमुळे आग लागू शकते, हा कंपनीचा युक्तिवाद निराधार नव्हे. पण मूळ बॅटरीचा पुरवठा आटल्यानंतर तोच नियम धडधाकट यंत्रास भिंतीतील तारेला बांधून ठेवतो.

जुन्या बाजारात २०१८ च्या टी ४८० यंत्रास जो मान मिळाला त्याचे कारण यातूनच कळते. त्यात एक बॅटरी आत आणि दुसरी बाहेरून खिटी सरकवून काढता येण्याजोगी होती. आतली शिल्लक असताना यंत्र बंद न करता बाहेरची बदलता येई. स्मृतिपट्ट्यांसाठी दोन मोकळ्या खाचा होत्या. २०१९ च्या टी ४९० मध्ये बाहेरची बॅटरी गेली आणि एका खाचेऐवजी स्मृती मुख्य पाटीवर डाख देऊन कायमची जोडली गेली. यंत्र पातळ झाले. नोकराच्या खांद्यावरचा भार कमी झाला. संस्थेने यंत्र तीनच वर्षे ठेवायचे असल्याने तिचे काही बिघडले नाही. तोटा झाला तो अजून सौद्यात नसलेल्या दुसऱ्या मालकाचा. जो करार करतेवेळी हजर नव्हता त्याच्या वाट्याची वस्तू कापली गेली.

टी ४८० निर्दोष होता असे मात्र म्हणता येत नाही. २०१७ ते २०१९ च्या अनेक थिंकपॅडमध्ये थंडरबोल्ट जोडणीच्या आज्ञावलीत दोष होता आणि कंपनीने दिलेली सुधारणा वेळीच न घातल्यास ती जोडणी निकामी होई. जुने यंत्र घेणाऱ्याने कवचावरील ओरखड्यांपेक्षा ही बाब आधी पाहावी, हे शहाणपणाचे.

ताब्याची आणखी एक कडी यंत्राबाहेर असते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीचा वा त्यापुढील संस्कारक लागतो. त्यामुळे सातव्या पिढीचा संस्कारक असलेला टी ४७० रेषेच्या बाहेर पडला व आठव्या पिढीचा टी ४८० आत राहिला. लिनक्स वापरणाऱ्यास ही रेषा बाधत नाही. परंतु ज्याचे काम विंडोजवाचून चालत नाही त्याच्या दृष्टीने दोन यंत्रांमधील भेद ना बिजागरीचा ना कळफलकाचा. तो तिसऱ्याच कंपनीने आखलेल्या रेषेचा आहे.

६. कायदा आणि निष्कर्ष

दुरुस्तीच्या हक्काविषयी अलीकडे झालेल्या कायद्यांतही हा विभागलेला मालक दिसतो. न्यूयॉर्क राज्याचा इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीविषयीचा कायदा डिसेंबर २०२२ मध्ये राज्यपालांच्या सहीने संमत झाला. परंतु व्यवसायसंस्थांना वा सरकारला करारान्वये विकलेली आणि किरकोळ बाजारात न मिळणारी यंत्रे त्यातून वगळली गेली. जी यंत्रे पुढे हजारोंच्या संख्येने दुसऱ्या हाती जाणार, त्यांतील काहींना नेमके हे संरक्षण नाही. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीहक्काचे संकेतस्थळ सुरू केले, आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनी उत्पादकावर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकली. कचरा झालेल्या यंत्राची व्यवस्था आवश्यकच आहे. तथापि यंत्र कचरा होण्याचा दिवस लांबविणे ही तिच्या आधीची पायरी होय.

उत्पादकाचेही पाऊल एकाच दिशेला पडत नाही. २०२४ मध्ये लेनोव्होने आयफिक्सिट या दुरुस्तीविषयक संस्थेच्या सल्ल्याने टी १४ ची पाचवी पिढी आणली. तीत स्मृतीच्या दोन मोकळ्या खाचा परत आल्या, आणि त्या संस्थेने दुरुस्तीसुलभतेसाठी यंत्रास दहापैकी नऊ गुण दिले. उलट जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ‘एक्स ९’ या थिंकपॅडमध्ये तांबडी गुंडीच नव्हती. एकात दुसऱ्या मालकाचे म्हणणे ऐकले गेले, दुसऱ्यात जुन्या वहिवाटदाराचे वगळले गेले.

या इतिहासावरून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा. एकच नाम विभक्तीप्रत्ययानुसार वाक्यात निरनिराळे नाते धारण करते, त्याप्रमाणे यंत्राचा एकच विशेष संबंधानुसार गुण वा दोष होतो. परवलीचा शब्द, डाख दिलेली स्मृती, पातळ कवच यांपैकी एकाचेही मूल्य ‘कोणाला?’ या प्रश्नावाचून सांगता येत नाही. म्हणून व्यावसायिक लॅपटॉपची निवड करणाऱ्या विद्यापीठाने वा कार्यालयाने किंमत, वजन आणि वेग यांच्या रकान्यांजवळ आणखी दोन रकाने आखावेत : हे यंत्र रोज ज्याच्या हाताखाली राहणार त्याची सवय कोणती, आणि येथून बाहेर पडल्यावर ते किती वर्षे चालू राहू शकेल. यंत्र विकतेवेळी परवलीचा शब्द काढून देणे ही तर पाच मिनिटांची गोष्ट आहे. ती न केल्यास विक्रीचा कागद खरा असूनही मालकी अर्धीच दिली जाते.